उतारवयातला आरोग्य विमा : आधी समजून घ्या, मग ठरवा

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात ज्येष्ठांच्या कट्ट्यावर घटकाभर बसले, की आजारपणाचा विषय निघतो आणि त्यामागोमाग विम्याचाही. 'पॉलिसी आहे का?' असे मी विचारले, की 'मुलाने काढली आहे' असे उत्तर मिळते. तिच्यात काय लिहिले आहे, हे मात्र क्वचितच कोणाला सांगता येते. यात त्यांची समज कमी पडते असे नाही. जन्मभर काटकसरीने संसार चालवलेली ही माणसे आहेत. अडचण आहे ती कागदावरच्या भाषेची आणि एकाच वेळी समोर येणाऱ्या अनेक योजनांची.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेल्यांसाठी सीजीएचएस आहे. कामगार विमा योजनेत किमान पाच वर्षे असलेल्या आणि वयोमानाने निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला अवघे १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी उपचार सुरू ठेवता येतात. कारखान्यांच्या या गावांत ही सोय ठाऊक नसलेले निवृत्त कामगार मला वारंवार भेटतात. याखेरीज राज्याची महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहेच.

२९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे पूर्ण केलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत 'वय वंदना' कार्ड मिळू लागले. वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार त्यात होतात. घरात ७० पुढचे दोघे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून असते. कार्डासाठी आधार लागते. खासगी पॉलिसी असलेल्यांनाही ते घेता येते. सीजीएचएसवाल्यांना मात्र दोन्हींपैकी एक निवडावे लागते.

इथेच मोठा गैरसमज होतो. 'कार्ड मिळाले, आता हप्ता कशाला भरायचा?' असे म्हणून पॉलिसी बंद केली जाते. कार्ड योजनेत नोंदलेल्या रुग्णालयांतच चालते, ठरलेल्या उपचारांसाठीच चालते आणि रुग्णालयात दाखल झाल्यावरच उपयोगी पडते. आपल्या नेहमीच्या डॉक्टरांचे रुग्णालय त्या यादीत आहे का, हे आधी पाहावे. एकदा सोडलेली पॉलिसी पुन्हा घ्यायची म्हटले, तर मधुमेह, रक्तदाब अशा जुन्या दुखण्यांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. सत्तरीत तीन वर्षे हा लहान काळ नव्हे. कंपनी पसंत नसेल, तर नूतनीकरणापूर्वी दुसऱ्या कंपनीकडे पॉलिसी वळवता येते. त्यात आधी घालवलेला प्रतीक्षेचा काळ जमेस धरला जातो.

दुसरी मेख असते खोलीभाड्याची. समजा, विमा ३ लाखांचा आहे आणि खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला १ टक्का, म्हणजे ३ हजार रुपये. तुम्ही ६ हजारांची खोली घेतली. तुम्हाला वाटते, वरचे ३ हजार आपण भरू. पण जिथे खोलीनुसार दर बदलतात, तिथे डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियेचा खर्च यांनाही तीच कात्री लागते. त्यांचे बिल १ लाख असेल, तर मंजूर होतात ५० हजार. शिवाय पॉलिसीत २० टक्के सहभागाची अट असेल, तर मंजूर रकमेचा पाचवा हिस्सा पुन्हा आपल्याच खिशातून जातो.

हप्ता वाढतो, ही तक्रार खरी आहे. मात्र जानेवारी २०२५ पासून ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून अधिक वाढवायचा असल्यास कंपनीला विमा नियामकाशी आधी विचारविनिमय करावा लागतो. वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटीही २२ सप्टेंबर २०२५ पासून शून्य झाला.

तेव्हा एखाद्या रविवारी मुलाला किंवा सुनेला शेजारी बसवून पॉलिसी उघडा. खोलीची मर्यादा किती, आपला वाटा किती, जुन्या आजारांना केव्हापासून संरक्षण आणि जवळचे कोणते रुग्णालय यादीत आहे, हे चार प्रश्न विचारा. उत्तरे मोठ्या अक्षरांत लिहून कार्डाच्या प्रतीसह फाइलीत ठेवा. दावा नाकारला गेला आणि कंपनीकडे तक्रार करूनही दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. त्याला फी नाही, वकीलही लागत नाही. विमा आपल्या नावावर आहे, तेव्हा तो समजून घेण्याचा हक्कही आपलाच आहे.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)