पूर ओसरल्यावरचा ताप

कृष्णा-पंचगंगेचं पाणी २००५, २०१९ आणि २०२१ साली शिरोळ तालुक्यात शिरलं. पाणी उतरलं की माणसं लगेच कामाला लागतात. घरातला गाळ उपसायचा, गोठा धुवायचा, कुजलेला ऊस बाहेर काढायचा. हे सगळं बहुधा अनवाणीच. आणि आठ-दहा दिवसांनी कुणाला तरी सणसणून ताप भरतो.

हा ताप मलेरियाचा असू शकतो, डेंगीचा असू शकतो. तसाच तो लेप्टोस्पायरोसिसचाही असू शकतो, आणि नेमका तोच उशिरा लक्षात येतो.

लेप्टोस्पायरा हा पिळदार आकाराचा जिवाणू उंदीर-घुशींच्या मूत्रपिंडात बिऱ्हाड करून राहतो. उंदराला त्याचं काही होत नाही, पण त्याच्या लघवीवाटे जिवाणू बाहेर पडत राहतात. उंदीरच कशाला, गाई-म्हशी, कुत्री, डुकरं, रानातली हरणंसुद्धा त्याची वाहक असतात. ओल्या मातीत तो कित्येक आठवडे तग धरतो. भेगाळलेली टाच किंवा एखादं खरचटणं, एवढी वाट त्याला पुरते.

उसाचं आणि या रोगाचं नातं जुनं आहे. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये १९३०च्या दशकात ऊसतोड कामगार या तापानं दगावू लागले. पात्यांनी हातपाय कापलेले आणि फडात उंदरांचा सुळसुळाट! तोडीआधी फड पेटवा, या मागणीसाठी १९३४ साली त्यांनी संप केला. आपल्याकडे जळीत उसाला कपात लागते, तेव्हा तो उपाय इथे कुणी न सुचवलेला बरा.

ताप, डोकेदुखी, लाल डोळे ही लक्षणं. आणि पोटऱ्या इतक्या दुखतात की नुसत्या दाबल्या तरी माणूस कळवळतो. कावीळ दिसली, लघवी कमी झाली, खोकल्यातून रक्त आलं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर चाललं. तोवर थांबूच नये. सुरुवातीला डॉक्सिसायक्लीन, पेनिसिलीन अशी जुनी, स्वस्त औषधंही काम करतात. अडचण अशी, की पहिल्या आठवड्यात रक्ततपासणी पुष्कळदा निर्दोष येते. म्हणून 'पुराच्या पाण्यात उतरलो होतो, गोठा धुतला होता' हे डॉक्टरांना आपणहून सांगावं. तेवढ्यावरून ते अहवालाची वाट न पाहता उपचार सुरू करू शकतात.

गाळात उतरताना गमबूट घालावेत, जखम झाकावी. पुरानंतरची प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. गरोदर बायका आणि लहान मुलांना ती चालेलच असं नाही.