नायकाने विष चोखले, पुढे काय?

आपल्या सिनेमात साप चावण्याचा प्रसंग वर्षानुवर्षे एकाच साच्यातून निघत आला आहे. भर दिवसा, रानातल्या वाटेवर, फणा काढलेला नाग नायिकेच्या पावलाला डसतो. नायक तिचाच पदर फाडून पोटरीला करकचून बांधतो, चाकूने जखमेवर चीर देतो, तोंड लावून विष चोखतो आणि बाजूला थुंकतो. दोन मिनिटांत ती डोळे उघडते आणि त्याच्याकडे वेगळ्याच नजरेने पाहते. हा प्रसंग मुळात प्रेमाचा आहे. नायकाचे ओठ नायिकेच्या पावलाला लागावेत आणि कुणाला आक्षेपही घेता येऊ नये, यासाठी लेखकाला साप हवा असतो. कथेची ती गरज समजू शकते. पण हा प्रसंग पाहणाऱ्यांत असंख्य माणसे अशी असतात, ज्यांच्या बांधावर, गोठ्यात आणि अंथरुणाशी खरोखरच साप येतो.

भारतात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. हा अंदाज 2020 साली प्रसिद्ध झालेल्या, देशभर घरोघरी जाऊन मृत्यूंची कारणे विचारणाऱ्या मोठ्या अभ्यासातला आहे. यातले बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि निम्मे जून ते सप्टेंबर या पेरणी-निंदणीच्या महिन्यांतले. असे कितीतरी रुग्ण दवाखान्याच्या पायरीपर्यंत पोचतच नाहीत. देवऋषीच्या ओसरीवर, बैलगाडीत किंवा घरातच ते संपतात आणि सरकारी दप्तरात त्यांची नोंदही होत नाही. महाराष्ट्रात शेतकरी अपघात योजनेतून सर्पदंशाने गेलेल्या शेतकऱ्याच्या घरच्यांना दोन लाख रुपये मिळतात, पण त्यासाठी कागद लागतात. भगताकडून थेट स्मशानात गेलेल्या माणसाचा कागद कुठून आणायचा?

म्हणून तो चोखण्याचा प्रसंग नीट तपासला पाहिजे. सापाचे दात सुईसारखे विष आत सोडतात, कातडीखाली आणि कधी स्नायूतही. तिथून ते ऊतींत पसरते आणि मुख्यतः लसिकावाहिन्यांतून शरीरभर जाऊ लागते. वरून तोंड लावून ते ओढून काढणे म्हणजे वाळूत ओतलेले पाणी चोखून परत काढण्यासारखे आहे. बाहेर येते ते रक्त आणि लाळ, विष नावापुरते. वर चाकूची चीर दिली की जखम वाढते, जंतू आत जातात. चावलेला साप घोणस किंवा फुरसे असेल, तर रक्त गोठण्याची शक्तीच विषाने संपत आलेली असते. अशा माणसाला चीर देणे म्हणजे थांबणार नाही असा रक्तस्राव आपल्या हाताने सुरू करणे.

पदराची ती करकचून बांधलेली गाठ तर त्याहून घातक. रक्तपुरवठा तुटतो. आधीच विषाने सडू लागलेली बोटे काळी पडतात आणि पुढे कापावी लागतात. नागाच्या दंशात धोका आणखी वेगळा असतो. गाठ अचानक सोडली तर साचलेले विष एकदम पुढे जाऊन श्वास बंद पडू शकतो. त्यामुळे गाठ बांधून आलेल्या रुग्णाची गाठ अनुभवी डॉक्टर लगेच सोडत नाहीत. आधी सलाइन लावतात, औषध आणि श्वास देण्याची साधने हाताशी घेतात, मगच ती सोडतात.

हे सगळे सिनेमाने शोधून काढलेले नाही, हे मात्र सांगायला हवे. कापा, बांधा, चोखा हा सल्ला एकेकाळी प्रथमोपचाराच्या पुस्तकांत छापलेला असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला भारतातल्या इंग्रज अधिकाऱ्यांकडे पोटॅशियम परमँगनेटचे खडे ठेवायला पोकळी असलेली छोटी सुरी असायची. जखमेला चीर द्यायची आणि खडे आत चोळायचे. वैद्यकशास्त्राने हे उपाय तपासले, निरुपयोगी आणि घातक ठरवले आणि सोडून दिले. पडद्याने सोडले नाहीत. जुन्या पुस्तकातला सल्ला चुकीचा ठरला की नवी आवृत्ती निघते. जुना सिनेमा मात्र दर रविवारी दुपारी टीव्हीवर लागतच राहतो.

पडद्यावरच्या सापाबद्दलही तीच तक्रार आहे. तिथे साप म्हणजे नाग, कारण फणा कॅमेऱ्याला शोभतो. महाराष्ट्रात माणसाचा जीव घेणारे साप मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. फुरसे कोकणातल्या कातळावर आणि दगडांच्या गडग्यांत पुष्कळ आढळते. वीत-दीड वीत लांबीचे, मातकट, पाचोळ्यात दिसतही नाही. अंगावरचे खवले एकमेकांवर घासून ते करवतीसारखा आवाज करते. घोणस जाड, आळशी, अंगावर साखळीसारखे ठिपके. ती कुकरच्या शिटीसारखी फुत्कारते, तरी माणसे तिला अजगराचे पिल्लू समजून हात लावतात. तिच्या विषाने पाय सुजतो, हिरड्यांतून आणि लघवीतून रक्त येते, मूत्रपिंडे बंद पडतात. अशा रुग्णाला डायलिसिस लागते आणि मृत्यू आलाच तर पुष्कळदा काही दिवसांनी येतो. पडद्यावरच्या पाच सेकंदांत हे मावत नाही.

मला सर्वांत जास्त भीती वाटते ती मण्यारीची. ती सिनेमात जवळजवळ नाहीच. काळी-निळसर, अंगावर पांढरे बारीक पट्टे, दिवसा सुस्त. रात्री ती उंदीर-पालीच्या मागे घरात शिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते. तिचा दंश दुखत नाही. सूज नाही, कधी कधी खूणही सापडत नाही. माणूस पहाटे उठतो तो पोटात कळा येतात म्हणून. उलटी होते, घसा आवळल्यासारखा वाटतो. घरचे म्हणतात, रात्रीचे जेवण बाधले असेल, आणि ओवा किंवा लिंबूपाणी देतात. तासाभरात पापण्या जड होऊन खाली येतात, बोलताना जीभ अडखळते, थुंकी गिळता येत नाही, मग छाती हलेनाशी होते. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या मिटू लागल्या, तर सर्पदंशाचा संशय घ्यायलाच हवा, अंगावर खूण असो वा नसो. बाजेवर झोपणे आणि मच्छरदाणीच्या कडा गादीखाली नीट खोचणे, एवढ्यानेही मण्यार पुष्कळशी टळते.

मृत्यूचे चित्रणही उलटे आहे. पडद्यावर साप चावला की तोंडाला फेस, अंग निळे आणि मान लटकते. नागाच्या दंशातही माणसाकडे बहुतेक वेळा काही तास असतात, आणि नेमके हेच तास चोखण्यात आणि बांधण्यात वाया जातात. मण्यारीच्या रुग्णात याहूनही विलक्षण गोष्ट घडते. विष मेंदूला मारत नाही. ते मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातला दुवा तोडते. हात-पाय हलत नाहीत, डोळे उघडत नाहीत, बाहुल्यांवर बॅटरी मारली तरी त्या आकसत नाहीत. बघणाऱ्याला वाटते, सगळे संपले. आत मात्र हा माणूस जागा असू शकतो, आपल्या उशाशी चाललेले रडणे त्याला ऐकू येत असते. फुग्याने किंवा व्हेंटिलेटरने त्याला श्वास देत राहिले, तर काही दिवसांनी पापण्या हलतात, मग बोटे, आणि तो उठून बसतो. मेलेला नायक मंदिरातल्या घंटानादाने उठतो असे आपण पडद्यावर पाहत आलो. खरे उठणे हे आहे, आणि त्यामागे रात्रभर हाताने फुगा दाबत बसलेली नर्स असते.

पुंगीबद्दल थोडक्यात. 1954 च्या ‘नागिन’मधली ती प्रसिद्ध धून खऱ्या पुंगीवर वाजलेलीच नाही. कल्याणजींनी क्लॅव्हिओलाइन या विजेवर चालणाऱ्या वाद्यावर आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती उभी केली. सापाला बाहेरचा कान नसतो. जमिनीतली कंपने आणि हवेतले काही खालच्या पट्टीतले आवाज त्याला जाणवतात, पण तो डोलतो ते समोर हलणाऱ्या पुंगीवर नजर ठेवत, स्वतःला वाचवण्यासाठी. तो दूध पीत नाही, जोडीदाराचा खून लक्षात ठेवत नाही, मारेकऱ्याचा चेहरा त्याच्या डोळ्यांत उमटत नाही. 1976 च्या ‘नागिन’पासून पुढे सूडाच्या या कथा इतक्या चालल्या, की साप मारल्यावर त्याचे डोळे ठेचणारे लोक अजूनही भेटतात.

मंत्राने विष उतरते, हा समज मात्र निव्वळ सिनेमाने टिकवलेला नाही. त्याला रोजच्या अनुभवाचा आधार वाटतो, म्हणून तो हटत नाही. धामण, दिवड, कवड्या असे बिनविषारी साप चावण्याचे प्रसंग पुष्कळ. विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. अशी माणसे कुणाकडेही गेली असती तरी वाचलीच असती. ती भगताकडे जातात आणि श्रेय त्याला मिळते. ज्याच्या अंगात खरोखर विष गेले तो मेला, तर म्हणतात, त्याची वेळच भरली होती. या हिशेबात मांत्रिक कधीच हरत नाही. त्याला नुसते शिव्या देऊन भागणार नाही. गावाचा त्याच्यावर विश्वास आहे, तर ‘माझ्याकडे थांबू नका, आधी दवाखान्यात जा’ हे त्यानेच म्हणावे यासाठी त्याला सोबत घेतले पाहिजे.

आता सिनेमा जिथे जातच नाही त्या जागेकडे, प्राथमिक आरोग्य केंद्राकडे. तिथे एक साधी तपासणी होते. रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचे आणि ती न हलवता वीस मिनिटे ठेवायची. मग नळी तिरपी करायची. रक्त गोठले नसेल आणि पाण्यासारखे वाहिले, तर घोणस किंवा फुरशाचे विष अंगात आहे आणि औषध लगेच सुरू करायचे. यंत्र नको, प्रयोगशाळा नको. ती वीस मिनिटे नळीकडे पाहत उभ्या असलेल्या बापावर एखाद्या दिग्दर्शकाने कॅमेरा ठेवावा. त्याहून ताण असलेला प्रसंग मला सुचत नाही.

औषध म्हणजे प्रतिसर्पविष. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या, वाढत्या मात्रेने देत राहतात. त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढून, शुद्ध करून कुपीत भरतात. आपल्याकडच्या औषधासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला आदिवासींच्या सहकारी संस्थेकडून येते. या समाजातले वडिवेल गोपाल आणि मासी सडैयन यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. एकच औषध चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून पिशवीत घालून दवाखान्यात आणायची गरज नाही. मेलेल्या सापाचे डोकेही चावू शकते. सुरुवातीला साधारण दहा कुप्या सलाइनमधून देतात. मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष वय पाहून सोडलेले नसते. औषधाची मर्यादाही आहे. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते आणि दक्षिणेतल्या विषावर बनवलेले औषध दुसरीकडे कमी पडू शकते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत कार्तिक सुनगर आणि त्यांचे सहकारी यावर काम करतात.

दंश झाल्यावर करायचे ते थोडके आहे. माणसाला चालू द्यायचे नाही. अंगठ्या, बांगड्या, जोडवी, पायातला दोरा आधी काढायचा, कारण सूज आली की ते रुततात. हाड मोडल्यावर बांधतात तशी फळी किंवा काठी लावून तो हात किंवा पाय स्थिर करायचा, पण पट्टी आवळायची नाही. 108 ला फोन करायचा. गाडी येणार नसेल तर मोटारसायकलवर पुढे चालवणारा, मागे धरणारा आणि मधे रुग्ण, असे निघायचे.

आरोग्य केंद्रात पोचल्यावर आणखी एक अडचण उभी राहते. औषधाची रिअॅक्शन येते, म्हणून काही डॉक्टर ते द्यायला बिचकतात आणि ‘सिव्हिलला न्या’ म्हणून सांगतात. रिअॅक्शन येऊ शकते हे खरे, पण तिच्यावर अॅड्रेनॅलिन आहे आणि ते छोट्या केंद्रातही ठेवता येते. छोट्या जागी मोठे काम होऊ शकते हे महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी विंचूदंशाबाबत दाखवून दिले आहे. बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रापासून सुरुवात करून त्यांनी प्राझोसिन या साध्या गोळीने कोकणातले विंचूदंशाचे मृत्यू खाली आणले. ‘लॅन्सेट’ने त्यांचे काम छापले आणि 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. केंद्र सरकारने 2024 साली सर्पदंशासाठी राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. 2030 पर्यंत हे मृत्यू निम्मे करायचे, असे त्याचे उद्दिष्ट आहे. ते गाठायचे तर प्रत्येक केंद्रात कुप्या असायला हव्यात, आणि विषबाधेची लक्षणे दिसत असतील तर रुग्णाच्या माणसांनी तिथल्या डॉक्टरला सांगायला हवे: मोठ्या दवाखान्यात जरूर पाठवा, पण पहिला डोस इथेच सुरू करा.