घाटाखालचं पसरणी

रत्नागिरीहून खेड, पोलादपूर करत आंबेनळी घाट चढला की महाबळेश्वर आणि पुढे पाचगणी. तिथून वाईकडे उतरतो तो पसरणीचा घाट. वळणावर गाड्या थांबतात, धोमच्या पाण्याचे फोटो निघतात आणि मंडळी थेट वाईच्या ढोल्या गणपतीला जातात. ज्या गावाचं नाव घाटाला मिळालं, ते पायथ्याचं पसरणी बघायचं राहूनच जातं. कोकणातल्या माणसाने तरी ते चुकवू नये. ‘गर्जा महाराष्ट्र माझा’ ज्यांच्या आवाजात घरोघरी पोचलं, ते शाहीर कृष्णराव साबळे याच गावात ३ सप्टेंबर १९२३ रोजी जन्मले.

घर साधं, वारकरी वळणाचं. वडील गणपतराव भजनं गायचे, आई जात्यावर ओव्या म्हणायची. दळणाऱ्या बाईचा दम जात्याच्या फेऱ्याला बांधलेला असतो. हात खुंट्यावर, घरघर चालू, तरी ओवी तुटत नाही. शेवटचा आखूड चरण संपतो तिथेच पुढचा श्वास घेतला जातो. पोवाड्यालाही हाच दमसास लागतो. झीलकरी ‘जी जी’ म्हणत सूर धरतात, तेवढ्यात शाहिराने छाती भरून घ्यायची आणि डफावर थाप देऊन पुन्हा उसळायचं. साबळ्यांच्या त्या खड्या आवाजाचं मूळ मला तरी आईच्या ओव्यांत दिसतं.

लहानपणीच ते बासरी शिकले. प्राथमिक शाळा पसरणीत झाली, पुढे अमळनेरला सातवीपर्यंत मजल गेली आणि शिक्षण सुटलं. पण अमळनेरातच साने गुरुजींचा सहवास लाभला आणि गाणं कशासाठी गायचं ते उमगलं. स्वातंत्र्यलढ्यात साबळ्यांनी आपला आवाज लोकजागृतीसाठी वापरला. गावातल्या भैरवनाथाचं देऊळ दलितांना खुलं व्हावं म्हणून ते झटले, त्यासाठी खुद्द गुरुजी पसरणीत आले. म्हणून गावात शिरलात की आधी भैरवनाथाला जा.

पुढचा प्रवास सर्वांना ठाऊक आहे: मुंबई, संयुक्त महाराष्ट्राची चळवळ, ‘यमराज्यात एक रात्र’सारखी मुक्तनाट्यं, ‘महाराष्ट्राची लोकधारा’, १९९८ची पद्मश्री. २० मार्च २०१५ रोजी ते गेले. राजा बढे यांचे शब्द, श्रीनिवास खळे यांची चाल आणि साबळ्यांचा आवाज लाभलेलं ते गाणं २०२३मध्ये, त्यांच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, राज्यगीत झालं.

आपल्याकडे कोकणात गणपतीत जाखडी रंगते, शक्ती-तुऱ्याचे सवाल-जवाब रात्र रात्र चालतात. त्यात गाणारी पोरंही बहुतेक साबळ्यांसारख्याच घरांतली, भजनाच्या बारीत टाळ धरून सूर ओळखायला शिकलेली. मंडळांनी एखादी सहल पसरणीला न्यावी, देवळाच्या आवारात त्या पोरांना एक बारी म्हणू द्यावी.