किल्ल्यांचा जुडगा आणि संगणकाचा गाभा

जुन्या वाड्यांत कोठीची किल्ली कोणाच्या कनवटीला आहे, यावरून घरांतील अधिकार ओळखला जाई. कुलूप कितीही भक्कम असलें, तरी किल्ली कोणाजवळ, किती दिवस व कोणाच्या परवानगीनें आहे याचा हिशेब नसेल, तर कोठी सुरक्षित म्हणतां येत नाहीं. संगणकाची गोष्टही याहून निराळी नाहीं.

संगणकांतील इतर सर्व कार्यक्रमांवर हुकमत चालविणारा जो मूळ कार्यक्रम, त्यास ‘कर्नेल’ किंवा गाभा म्हणतात. लिनक्स या कार्यप्रणालीचा गाभा अँड्रॉइड फोनांच्याही मुळाशीं आहे. म्हणजे सोयगांवच्या बाजारांत लोकांच्या हातीं दिसणाऱ्या अनेक फोनांत तो आहेच. फाइली गूढ लिपींत ठेवावयाच्या किंवा दूरच्या संगणकावरील साठा उघडावयाचा, तर गुप्त किल्ली लागते. ही किल्ली धातूची नव्हे. ती अंकाक्षरांची एक मालिका होय. प्रत्येक कार्यक्रमानें ती स्वतः बाळगण्याऐवजीं गाभ्याच्या स्वाधीन करावी, अशी सोय डिसेंबर २००४ मध्यें निघालेल्या लिनक्सच्या २.६.१० या आवृत्तींत झाली. डेव्हिड हॉवेल्स हे या योजनेचे कर्ते.

गाभा माणसास नांवानें ओळखीत नाहीं, क्रमांकानें ओळखतो. आणि त्या क्रमांकागणिक एकेक जुडगा राखतो. शिवाय प्रत्येक प्रवेशाच्या वेळीं त्या बैठकीपुरता एक स्वतंत्र जुडगा देतां येतो, व बैठक संपतांच तो रद्द करतां येतो. समजा, सोयगांवांतील एखाद्या शाळेंत एकच संगणक आहे. सकाळीं त्यावर एक शिक्षक बसतात, दुपारीं दुसरे. दोघांचे क्रमांक निराळे असतील, तर एकाची किल्ली दुसऱ्याच्या हातीं सहसा लागत नाहीं. पण सोयीसाठीं दोघेही एकाच नांवानें आंत शिरूं लागले, कीं गाभ्याच्या लेखीं ते एकच गृहस्थ होत. मग एकानें ठेवलेली किल्ली दुसऱ्यास सांपडली, तर दोष गाभ्याचा नव्हे.

प्रत्येक किल्लीवर सहा प्रकारचे अधिकार नोंदलेले असतात: ती आहे हें पाहणें, आंतील मजकूर वाचणें, तो बदलणें, ती शोधून काढणें, ती दुसऱ्या जुडग्यांत अडकविणें व तिचे नियम बदलणें. हे अधिकार जवळ बाळगणारा, मालक, मालकाचा गट व इतर जन, अशा चौघांस वेगवेगळे वांटून देतां येतात. एका जातीची किल्ली तर अशी आहे, कीं गाभा ती वापरतो, पण तिच्यांतील मजकूर कोणत्याही सामान्य कार्यक्रमास वाचूं देत नाहीं. किल्लीस मुदतही घालतां येते. मुदत सरली, कीं ती निरुपयोगी होते व पुढें झाडून टाकली जाते. कोणीं एकानें सारी जागा अडवूं नये, म्हणून सामान्य वापरकर्त्यास मूळ नियमानें २०० किल्ल्या व २०,००० बाइट एवढीच मर्यादा असते.

इतकी शिस्त असूनही एकदां घात झाला, आणि तो मोजणींत झाला. एखादा जुडगा किती जण वापरीत आहेत, याचा आंकडा गाभा ठेवतो. तो शून्य झाला, कीं जुडगा मोडून जागा मोकळी करतो. २०१३ सालीं आलेल्या ३.८ या आवृत्तींत असें झालें, कीं कार्यक्रमानें स्वतःजवळ असलेलाच जुडगा पुन्हा मागितला, तर आंकडा एकानें वाढे, पण परत उतरत नसे. हा आंकडा सुमारे ४२९ कोटींपर्यंतच जाऊं शकतो. त्यापुढें तो पुन्हा शून्यावर येतो. चिकाटीनें मागणी करीत राहिल्यास वापरांत असलेला जुडगा गाभा मोडून टाकी, आणि त्या मोकळ्या जागेंत आपला मजकूर भरून सामान्य वापरकर्ता संगणकाचा धनी होऊं शके. जानेवारी २०१६ मध्यें पर्सेप्शन पॉइंट या संस्थेच्या संशोधकांनीं ही चूक उघड केली व ती तत्काळ दुरुस्त झाली. तोंवर जवळजवळ तीन वर्षें ती कोणाच्या ध्यानीं आली नव्हती.

तेथें कोणीं कुलूप फोडलें नव्हतें. एक वजाबाकी तेवढी राहून गेली होती. कोठीची राखण शेवटीं हिशेबावर अवलंबून असते. गाभ्याचा हिशेब तज्ज्ञांनीं पाहावा. परंतु प्रत्येकानें आपल्या स्वतंत्र नांवानें प्रवेश करावा, काम आटोपतांच बाहेर पडावें आणि दुरुस्त केलेली आवृत्ति वेळेवर घ्यावी, एवढा हिशेब ज्याचा त्यानेंच ठेवावयाचा आहे.