तरुणांना पाठविणार कोण?



महापे येथील औद्योगिक वसाहतीत मध्यरात्री पाळीवर निघालेली विशी-पंचविशीची मुले-मुली आपण पाहतो. त्यांतील कित्येकांचे घड्याळ परदेशी गिऱ्हाइकाच्या दिवसाशी बांधलेले असते. जगाच्या परिषदांत काय ठरते, हा प्रश्न म्हणूनच आपल्याला परका नाही.

एक जुना दाखला घेऊ. 1919 साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. अठरा वर्षांखालील मुलांना कारखान्यात सामान्यतः रात्रपाळी लावू नये, असे तीत ठरले. हिंदुस्थानातील मुलग्यांपुरती मात्र ती मर्यादा चौदावर आणली गेली! पंधरा वर्षांच्या पोराची झोप अशी सातासमुद्रापलीकडे मोजली गेली.

त्या परिषदेत आपल्या कामगारांतर्फे नारायण मल्हार जोशी होते. माणूस तळमळीचा, पण नेमणूक सरकारची, कारण देशव्यापी कामगार संघटनाच तेव्हा नव्हती. प्रतिनिधी सर्वांत प्रातिनिधिक संघटनेच्या संमतीने निवडावा, असा नियम व्हर्सायच्या तहात होता. संमती देणारी संघटना हवी, या निकडीतूनही 31 ऑक्टोबर 1920 रोजी मुंबईत अखिल भारतीय ट्रेड युनियन काँग्रेस उभी राहिली. लाला लजपत राय तिचे पहिले अध्यक्ष.

आज तरुणांना बोलावणी पुष्कळ येतात. राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने 2015 साली ठराव क्रमांक 2250 करून, निर्णयांत तरुणांचे प्रतिनिधित्व वाढवा, असे राष्ट्रांना सांगितले. भारताकडे जी-20 चे अध्यक्षपद असताना 11 मार्च 2023 रोजी पुण्यात सिंबायोसिस विद्यापीठात तरुणांची विचारसभाही भरली. हे चांगलेच झाले. परंतु तेथे शिफारस करता येते, मत देता येत नाही. कामगार परिषदेत मात्र प्रत्येक देशाच्या सरकारला दोन, मालकांना एक आणि कामगारांना एक मत असते. मोबाइलवरून कामे मिळवणाऱ्यांच्या हक्कांविषयी करार करण्याची चर्चा तेथे जून 2025 मध्ये झाली. असे काम करणाऱ्यांत तरुण किती, हे आपल्या दारात जेवण घेऊन येणारा मुलगाच सांगेल.

बोलावलेला पाहुणा असतो. पाठविलेला प्रतिनिधी असतो. पाहुण्याचे कौतुक होते, प्रतिनिधीला परतल्यावर जाब द्यावा लागतो. तेव्हा तरुणांनी आधी आपापल्या संघटनेत नाव नोंदवावे, निवडणूक लढवावी. आणि आम्ही पन्नाशी उलटलेल्या कार्यकर्त्यांनी? खुर्ची थोडी सरकवावी. जिनेव्हाची वाट आमच्याच कचेरीच्या दारातून जाते, आणि ते दार अडवून पुष्कळदा आम्हीच बसलेले असतो.