छप्पर मिळाले, शेजार हरपला

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानमधील कोबे शहर भूकंपाने हादरले. सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तात्पुरत्या घरांच्या वाटपात वृद्ध व अपंग यांस अग्रक्रम देऊन चिठ्ठ्या टाकण्यात आल्या. हेतू निःसंशय दयेचा होता. परंतु त्यायोगे जन्माचे शेजारी चहूकडे पांगले. कित्येक वृद्ध त्या घरांत एकाकी मरण पावले व त्याची वार्ताही उशिरा कळली.

११ मार्च २०११ च्या त्सुनामीनंतर इवानुमा नगराने या अनुभवाचे स्मरण ठेवून किनाऱ्यावरील वस्त्यांतील अनेक कुटुंबांना एकत्र हलविले. तेथील वृद्धांची पाहणी आपत्तीपूर्वी सात महिने झालीच होती. पुढे तुलना करता आढळले की, वस्तीसह गेलेल्यांचे मित्रांना भेटणे व मंडळांत जाणे वाढले; चिठ्ठीने एकेकटे गेलेल्यांचे घटले. जेथे शेजाऱ्यांत आधीपासून विश्वास होता, तेथे भीतीच्या आठवणींनी मन ग्रासले जाण्याचे प्रमाणही कमी होते.

वाचकहो, संकटग्रस्त वृद्धांस धान्य व घोंगडी अवश्य द्यावी; परंतु ‘आपल्या शेजारी कोण राहत असे?’ हेही विचारावे. शेजारधर्म संकटाच्या रात्री उसना मिळत नाही. तो साध्या दिवसांतच जोडावा लागतो.