बॅकअप आहे, पण अधिकारांचं काय?

३१ मार्च हा जागतिक बॅकअप दिन आणि आपल्याकडे वर्षअखेर. बारामती-इंदापूरच्या सोसायट्या, पतसंस्था आणि दूध संस्थांत या आठवड्यात मान वर करायला फुरसत नसते. खरिपाचं पीककर्ज मुदतीत भरलं तर तीन लाखांपर्यंत व्याज शून्य. भरण्याची एखादी नोंद गहाळ झाली तर सवलत गेली आणि शेतकरी थकबाकीदार ठरला. म्हणून रोजचं काम संपलं की हार्ड डिस्कवर बॅकअप घेतला जातो, लेखापरीक्षकाला दाखवलाही जातो. तो परत चढवून मात्र क्वचितच कोणी पाहतं.

आणि चढवताना घोटाळा होतो तो बहुधा फायलींत नव्हे, अधिकारांत.

२७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या या व्हायरसने मर्स्क ही जहाज कंपनी आडवी केली. न्हावाशेव्याचं गेटवे टर्मिनल याच समूहाचं. तेही ठप्प झालं आणि कंटेनर खोळंबले. मर्स्ककडे बहुतेक सर्व्हरचे तीन ते सात दिवसांपूर्वीचे बॅकअप होते. नव्हती ती डोमेन कंट्रोलरची प्रत. वापरकर्ता कोण, त्याला काय उघडता येईल, काय बदलता येईल, ही सगळी नोंद त्यात असते. असे सुमारे दीडशे कंट्रोलर जगभर एकमेकांची प्रत सांभाळत होते. एक गेला तर दुसरा आहेच, हा हिशेब. पण सगळे एकदमच पुसले गेले. वाचला एकच, घानातला, कारण हल्ल्याआधी तिथली वीज गेली होती! भारनियमनाने कोणाचं भलं केल्याचं मला ठाऊक असलेलं हे एकमेव उदाहरण. तिथलं इंटरनेट इतकं संथ, की ती माहिती माणसांकरवी नायजेरियामार्गे विमानाने इंग्लंडला न्यावी लागली. त्यानंतर कुठे ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक दहा दिवसांत नव्याने उभे राहिले. नुकसान २५ ते ३० कोटी डॉलर.

पतसंस्थेच्या चार संगणकांतही हेच घडतं. विंडोज माणसाला नावाने नाही, एका लांबलचक क्रमांकाने ओळखतं. संगणक बिघडला, नवा आणला, ‘रोखपाल’ नावाचं खातं पुन्हा उघडलं, तरी त्याचा क्रमांक नवा असतो. जुन्या फायलींवर जुना क्रमांक कोरलेला, त्यामुळे त्या उघडत नाहीत. बाहेर खातेदारांची रांग असते. मग दुरुस्तीला आलेला मुलगा सगळ्यांना सगळे अधिकार देऊन मोकळा होतो. काम सुरू झालं म्हणून सगळे खूश. पण आता कोणताही लिपिक कर्जाची फाईल बदलू शकतो, पुसूही शकतो, आणि हे महिनोन्महिने कोणाच्या ध्यानात येत नाही. मला बंद पडलेल्या संगणकापेक्षा या ‘सुरू झालेल्या’ संगणकाची भीती जास्त वाटते.

म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी वापरकर्त्यांची नोंद परत आणायची, मग फायली त्यांच्यावरच्या परवानग्यांसकट. बॅकअप घेतानाच या दोन्ही गोष्टी त्यात येतात का, हे सॉफ्टवेअरवाल्याला विचारायला हवं. नुसत्या फायली कॉपी-पेस्ट केल्या तर परवानग्या मागेच राहतात. डिस्कला बिटलॉकर हे विंडोजचं कुलूप असेल तर त्याची ४८ अंकी किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सायबर सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटमुळे ८५ लाख संगणक बंद पडले, तेव्हा काही ठिकाणी या किल्ल्या बंद पडलेल्या सर्व्हरमध्येच अडकल्या होत्या.

विकास सोसायट्यांचं संगणकीकरण २०२२ मध्ये मंजूर झालं: ६३,००० संस्था, २,५१६ कोटी रुपये. त्यातली माहिती दूरच्या सर्व्हरवर राहते. पण सचिवाच्या पासवर्डने कोण लॉगिन करतं, हे गावातच ठरतं. तो पासवर्ड इतरांनाही माहीत असेल, तर बॅकअप कितीही चोख असला तरी उपयोग नाही.

संचालक मंडळाने एक करावं. एका रिकाम्या संगणकावर बॅकअप चढवायला लावावा, लिपिकाच्या नावाने लॉगिन करावं आणि गेल्या वर्षीच्या एखाद्या कर्जखात्याची रक्कम बदलून पाहावी. बदलली, तर लेखापरीक्षक येण्याआधी सॉफ्टवेअरवाल्याला बोलवावं.